स्टेअरिंग थरथरतंय, पण केव्हा?

माझी गाडी हायब्रिड आहे आणि जुनी आहे. पेट्रोलचं इंजिन, जोडीला दोन मोटर-जनरेटर, मागच्या सीटखाली बॅटरीचा संच. दहा वर्षं कधीच उलटून गेली, तरी इंजिन कुरकुरत नाही आणि बॅटरीही दम धरून आहे. गाडीने मला कधी रस्त्यात सोडलं नव्हतं. मग ताशी 80 च्या पुढे गेलं की स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवू लागली. सुरुवातीला ती इतकी हलकी होती की रस्ताच खडबडीत असेल असं वाटावं. पण गुळगुळीत डांबरावरही ती तशीच येत होती. 95-100 ला सगळ्यात जास्त, आणि त्याच्या वर गेलं की थोडी कमी.

असं झालं की कोणीही आधी व्हील बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा समतोल साधणं) करून घेतं, तसं मीही घेतलं. ते योग्यच होतं, कारण या वेगाला येणाऱ्या थरथरीचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच असतं. माझ्या गाडीच्या चाकाचा परीघ साधारण दोन मीटर आहे. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेबारा वेळा फिरतं. रिमच्या एका बाजूला 50 ग्रॅम जरी जास्त असले तरी त्या वेगाला चाकावर साधारण सहा किलो वजनाएवढा ओढा पडतो, आणि तो प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत राहतो. वेग दुप्पट झाला की हा ओढा चौपट होतो. त्यात भर म्हणजे चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि सस्पेन्शनची खालची जोडणी यांची स्वतःची हलण्याची लयही साधारण सेकंदाला दहा ते पंधरा वेळांच्या पट्ट्यात असते. दोन्ही लयी जुळल्या की थरथर फुगते, वेग आणखी वाढला की ती जुळणी सुटते. म्हणूनच ठरावीक वेगाला स्टेअरिंग हलतं आणि त्याच्या पुढे शांत होतं.

बॅलन्सिंगनंतर काही दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा थोडे दिवस बरं. मशीनच्या पडद्यावर काय दिसतंय ते मी शेजारी उभी राहून बघत असे. पुढच्या उजव्या चाकाला दर वेळी वेगळं वजन लागत होतं आणि लावायची जागाही बदलत होती. रिम वाकलेली असती तर वजन आणि जागा दर वेळी जवळजवळ तीच आली असती. जागा बदलते आहे म्हणजे चाकातच काहीतरी बदलतं आहे. मशीनवरच्या मुलाला मी हे विचारलं. "टायर रिमवर थोडा सरकला असेल, ताई," तो म्हणाला. तसंही होऊ शकतं, म्हणून तो आणि मी दोघांनीही तो विषय तिथेच सोडला. पण पडद्यावरचे आकडे मी वहीत उतरवून ठेवले होते.

मग गाडी अधिकृत सेवा केंद्रात नेली. तिथे आधी स्कॅनर लावला. एकही फॉल्ट कोड निघाला नाही, आणि निघणारही नव्हता. चाक असमतोल आहे, ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) कमी-जास्त झिजली आहे, बॉल जॉइंट (चाकाला धरणारा सांधा) ढिला आहे, यातलं काहीही मोजणारा सेन्सर या गाडीत नाही. तरी सल्ला आला तो अख्खा स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) आणि पॉवर स्टेअरिंगची मोटर बदलायचा. "हायब्रिड आहे ना, सगळं इलेक्ट्रिक असतं, जुनं झालं की असंच होतं." या एका वाक्यात खरं किती आणि ढोबळ किती ते वेगळं करायला मला बराच वेळ लागला.

स्टेअरिंगला मदत करणारी मोटर विजेवर चालते हे खरं. इंजिन मधूनच बंद होत असल्यामुळे पट्ट्यावर चालणारा हायड्रॉलिक पंप अशा गाडीत उपयोगाचा नसतो. स्टेअरिंगच्या दांड्यावर एक टॉर्क सेन्सर असतो, हाताचा जोर किती ते तो सांगतो आणि मोटर तेवढी मदत देते. ही यंत्रणा बिघडली तर स्टेअरिंग जड होतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो, कधी गाडी उभी असतानाही चाक हातात फुरफुरतं. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत लोण्यासारखं फिरत होतं. जी गोष्ट फक्त चाकाच्या वेगाशी बांधलेली आहे ती उभ्या गाडीत नीट चालणाऱ्या मोटरमधून कशी येईल? मी तो खर्च नाकारला. रॅक कधीच खराब होत नाही असं मला म्हणायचं नाही. पण कारण सांगता येत नसताना भाग बदलायला माझी तयारी नव्हती.

त्या दिवसापासून मी वहीत नोंदी नीट ठेवायला लागले. "कोणता भाग गेलाय" हा प्रश्न बाजूला ठेवला आणि "केव्हा थरथरतं" एवढंच लिहीत गेले. वेग किती, पाय ॲक्सिलरेटरवर की ब्रेकवर की दोन्हींवर नाही, गाडी गार की तापलेली, रस्ता चढाचा की उताराचा, हाताला जाणवतं की सीटला. आणि हायब्रिडसाठी खास एक रकाना, बॅटरीच्या चित्रात किती पट्ट्या आहेत. हा शेवटचा रकाना मी नुसता पूर्णत्वासाठी ठेवला होता, पण पुढे सगळा उलगडा त्यानेच केला.

थरथर सीटमधून नाही, हातातून येत होती. पुढच्या चाकांचा दोष साधारणपणे स्टेअरिंगमध्ये येतो आणि मागच्या चाकांचा सीटमध्ये, फरशीत. म्हणजे दोष पुढे. जोर देताना आणि पाय काढल्यावर फरक पडत नव्हता. ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतल्या बाजूचा जॉइंट झिजला असेल तर जोर देताना गाडी डुलते आणि पाय काढला की थांबते. त्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात तीन धक्के येतात आणि ती थरथर जास्त दाट लागते. तो संशय तिथेच संपला. इंजिन बंद असताना, निव्वळ विजेवर गाडी सरकत असतानाही थरथर तशीच होती, म्हणून इंजिनाचे माउंटही (इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार) यादीतून गेले. हे शेवटचं साध्या गाडीत इतक्या सहज तपासता येत नाही. हायब्रिड असल्याचा तो मला मिळालेला फायदा.

पण वहीत एक न जुळणारी नोंद पुन्हा पुन्हा येत होती. ब्रेक लावताना कधी काहीच होत नसे, आणि कधी त्याच वेगाला स्टेअरिंग डावी-उजवीकडे जोरात झटके मारत असे. वेग तोच, जोर तोच, रस्ता तोच. आठवड्यातून एखाद्या वेळेस घडणाऱ्या गोष्टीला "तुम्हाला भास होतोय" म्हणणं सोपं असतं, आणि ते मला ऐकावंही लागलं.

एका लांब उतारावर ती शंका कोणालाच उरली नाही. आई मागे बसली होती. डोंगरावरून खाली उतरत होतो, वळणं संपून रस्ता सरळ आणि रुंद झाला होता, तरी उतार होताच. अर्ध्या वाटेत बॅटरीच्या सगळ्या पट्ट्या भरल्या. त्यानंतर समोरचा ट्रक हळू झाला म्हणून ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग हातातून सुटेल इतकं हलायला लागलं. मनगटांना हिसके बसत होते. मागून आई "अगं, चाक निघतंय का?" असं ओरडली. ब्रेक हलका केला तर झटके कमी झाले, पण गेले नाहीत. त्यांच्या जागी नेहमीची थरथर आली, फक्त आज ती ठळक होती. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, धोक्याचे दिवे लावले, शिफ्टर बी वर टाकला. या स्थितीत इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकवरचा भार उतरतो. वेग हळूहळू पडू दिला आणि रस्त्याच्या रुंद कडेला गाडी उभी केली.

खाली उतरल्यावर पुढच्या डाव्या चाकाजवळ करपल्यासारखा वास होता. हात न लावता, वीतभर अंतरावर तळवा धरून चारही चाकांजवळ फिरले. उजवं चाक गरम होतं, उतारावर ते होणारच. डावीकडे मात्र तळवा क्षणभरही धरवत नव्हता. अशा वेळी रिमला किंवा डिस्कला हात लावू नये आणि तापलेल्या चाकावर पाणीही ओतू नये. ओतीव लोखंडाच्या डिस्कला एकदम गार पाणी सोसत नाही.

गाडी तिथून चालवायची नाही हे पक्कं होतं. पण ती ओढून न्यायची कशी, यावरही वाद झाला. मदतीला आलेला माणूस दोर बांधून न्यूट्रलवर ओढू म्हणत होता. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि ती चाकं मोटर-जनरेटरला कायमची जोडलेली आहेत, मध्ये क्लच नाही. चाकं फिरली की आत मोटर फिरते आणि वीज तयार होते, गाडी बंद असली तरी. गाडीच्या पुस्तिकेत पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला स्पष्ट मनाई आहे. मी पुस्तिकेचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. मग त्याने सपाट तळाची गाडी मागवली.

या वेळी गाडी अशा एका मिस्त्रींकडे नेली जे स्कॅनर शेवटी लावतात. वयाने मोठे, बोलायला कमी. मी त्यांना वही दिली आणि त्यांनी ती खरोखर वाचली. बॅटरीच्या पट्ट्यांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. झटके आलेत तिथे तिथे बॅटरी भरलेली आहे. नाहीतर वेग अगदी कमी आहे, नाहीतर ब्रेक कचकन दाबलाय." मग त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक हायब्रिडवाल्याला माहीत असावं असं मला फार वाटतं.

अशा गाडीत ब्रेकचं पेडल हलकं दाबलं तर पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणाचे तुकडे) डिस्कला जवळजवळ घासतच नाहीत. मोटर जनरेटर होते, चाकांची गती ओढून घेते आणि ती वीज बॅटरीत भरते. खरे घासणारे ब्रेक येतात ते जोरात दाबल्यावर, गाडी थांबायच्या अगदी आधी ताशी दहाच्या आसपास, आणि बॅटरी आणखी वीज घ्यायला तयार नसेल तेव्हा. बॅटरी जपायची म्हणून संगणक ती काठोकाठ भरूच देत नाही, त्याच्या आधीच थांबवतो. लांब उतारावर ही हद्द लवकर गाठली जाते आणि मग सगळा भार डिस्कवर येतो. म्हणजे माझ्या डिस्कमध्ये दोष होताच. एरवी मोटर त्याला झाकत होती, आणि उतारावर तिने काम सोडलं की तो उघडा पडत होता. "तीच डिस्क, तोच पाय. काम करणारा बदलतो," ते म्हणाले.

डिस्कवर संशय घ्यायला आधीच्या सगळ्यांनी एकाच कारणाने नकार दिला होता. डिस्क असमान झाली की ब्रेक पेडल पायाखाली उड्या मारतं, आणि माझं पेडल शांत होतं. साध्या गाडीत हा निष्कर्ष बरोबर ठरतो. पण माझ्या गाडीच्या प्रकारात पेडल आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) यांच्यामध्ये नेहमी थेट तेलाचा मार्ग नसतो. पेडलखाली एक वेगळं यंत्र पायाला नेहमीच्या ब्रेकसारखा दाब जाणवून देतं, आणि चाकाला प्रत्यक्ष किती दाब द्यायचा ते संगणक ठरवतो. डिस्कचे हेलकावे पायापर्यंत पोहोचतच नाहीत. स्टेअरिंग मात्र टाय रॉडने चाकाला लोखंडाने जोडलेलं आहे, ते काहीच लपवू शकत नाही.

चाक काढण्याआधी मिस्त्रींनी गाडी पूर्ण बंद करून चावी गाडीपासून लांब, टेबलावर ठेवायला सांगितली. हायब्रिड गाडी आवाज न करताही चालू असू शकते आणि इंजिन मनात येईल तेव्हा सुरू होतं. दुसरं म्हणजे, या गाडीत ब्रेकचा दाब साठवणारा विजेचा पंप आहे. चालकाचं दार उघडलं तरी तो जागा होऊन दाब भरू शकतो. कॅलिपर उघडा असताना असं झालं तर पिस्टन बाहेर येईल, बोटं सापडतील. त्यांनी दार बंद ठेवलं, तेलाच्या कामासाठी स्कॅनरवरून पंप रीतसर झोपवला, आणि मगच पाना हातात घेतला. उच्च व्होल्टेजच्या केशरी तारांना त्या कामात हात लावायची गरजच नव्हती आणि कोणी लावलाही नाही.

डाव्या कॅलिपरची खालची स्लाइड पिन हलेचना. कॅलिपर या दोन पिनांवर आत-बाहेर सरकतो, म्हणून एका पिस्टनने दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. खालची रबरी टोपी फाटली होती, आत पाणी गेलं होतं, ग्रीसच्या जागी तपकिरी खपली होती. पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. बाहेरचा पॅड तिरका झिजला होता, एका टोकाला चांगला जाड आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ पत्र्यापर्यंत. ब्रेक सुटल्यावरही तो डिस्कला टेकून राहत होता. ज्या ब्रेकला रोज काम असतं त्याची पिन रोज हलते, अडकायला लागली की लवकर कळते. इथे मोटरनेच बहुतेक काम केल्यामुळे कॅलिपर महिनोन्महिने जेमतेम हलला होता. पॅड कित्येक वर्षं टिकतात म्हणून हायब्रिडचं कौतुक होतं, ते खरंच आहे. पण पॅड टिकले म्हणून कॅलिपर उघडून बघायचं राहून जातं आणि गंज तेवढ्यात आपलं काम करतो.

मग मायक्रोमीटर आला. सगळे म्हणतात "डिस्क वाकली", पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते. मिस्त्रींनी काठापासून सारख्या अंतरावर खडूने आठ खुणा केल्या आणि प्रत्येक ठिकाणी जाडी मोजून माझ्याच वहीत लिहिली. दोन शतांश मिलिमीटरच्या आसपास फरक पडला तरी स्टेअरिंग हलू शकतं. माणसाचा केस साधारण याच्या तिप्पट-चौपट जाड असतो, म्हणजे डोळ्यांना हे दिसणं शक्यच नाही. माझ्या डिस्कचा फरक त्याहून कितीतरी जास्त निघाला. शिवाय डिस्कवर निळसर डाग होते, एकाच जागी फार तापल्याची खूण. लेथवर कट मारून ती सपाट करता आली असती, पण किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते आणि कट मारल्यावर ती त्याच्या खाली गेली असती. दोन्ही बाजूंना नव्या डिस्क, नवे पॅड, नव्या पिना आणि टोप्या, नवं ब्रेक ऑइल. डिस्क बसवण्याआधी हबचा तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने लख्ख काढला. त्या गंजाचा एक कण डिस्कखाली राहिला तरी डिस्क तिरकी बसते, हजारो फेऱ्यांत एका बाजूने पॅडला घासत राहते, आणि काही महिन्यांत नवी डिस्कही असमान होते. शेवटी डायल गेज लावून डिस्क फिरताना किती डुलते ते मोजलं. बऱ्याच गाड्यांत 0.05 मिलिमीटरची मर्यादा असते, आमचा काटा त्याच्या बराच आत हलला.

मला सगळ्यात आवडली ती नंतरची चाचणी. नवे ब्रेक बसले, गाडी डी मध्ये चालवून हलके ब्रेक लावले आणि थरथर आली नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आधीही ती अशा वेळी येत नव्हती, कारण मोटर काम करत होती. म्हणून मोकळ्या, सपाट, रहदारी नसलेल्या रस्त्यावर मिस्त्रींनी स्वतः गाडी मध्यम वेगाला नेली, शिफ्टर एन वर टाकला आणि मग ब्रेक दाबला. न्यूट्रलमध्ये वीज परत घेणं बंद असतं, थांबवायचं सगळं काम पॅड आणि डिस्कवर पडतं. मी शेजारी बसून स्टेअरिंगच्या खालच्या कडेला बोट टेकवलं होतं. काही हललं नाही. ही चाचणी रोजच्या रस्त्यावर किंवा उतारावर करायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं आणि मीही इथे तेवढ्याच गांभीर्याने लिहिते आहे.

ब्रेकचे झटके संपले. 90 ची थरथर तशीच होती.

इथे खूप जण थकून सोडून देतात, आणि माझीही अवस्था तशीच होती. एका तक्रारीची दोन कारणं असतात हे पचायला जड जातं. पण वहीत ती दोन वेगळ्या तऱ्हांची थरथर म्हणून आधीपासून दिसत होती. एक ब्रेकला बांधलेली, एक फक्त वेगाला. मी बॅलन्सिंगचे जुने आकडे काढून दाखवले. मिस्त्रींनी ते पाहिले, काही बोलले नाहीत, आणि पुढचं उजवं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायला लागले. टायरच्या तोंडासमोर एक स्टँड ठेवून त्यावर स्क्रू ड्रायव्हर आडवा लावला, टोक आणि रबर यांच्यात नखाएवढी फट ठेवून. चाक सावकाश फिरलं. फट सारखी राहिली, राहिली, आणि एका जागी बंद झाली. रबर टोकाला घासून गेलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा त्याच जागी. शिवाय त्या जागेवर नक्षीच्या रेषा सरळ न राहता जराशा एका बाजूला ढकलल्यासारख्या दिसत होत्या. "हात फिरव," ते म्हणाले. तळव्याखाली एक लांबट उंचवटा लागला. डोळ्यांनी मी तो टायर कितीदा पाहिला होता, तरी दिसला नव्हता. तो भाग मडगार्डच्या आत असला की दिसणारच नाही.

टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात आणि वरचं रबर त्यांना चिकटलेलं असतं. ती पकड सुटायला लागली होती. म्हणूनच दर वेळी वेगळं वजन लागत होतं, पट्टा सुटत जाईल तसा टायरचा आकार बदलत होता. आणि बॅलन्सिंगने थोडे दिवस बरं वाटत होतं तेही याच कारणाने. बॅलन्सिंगचं मशीन चाक हवेत फिरवतं. गाडीचं वजन पडल्यावर टायर कुठे कडक आणि कुठे मऊ आहे हे त्याला कळत नाही. काही मशीनमध्ये टायरवर रोलर दाबून हेही मोजतात, ते मी आधी शोधलं असतं तर लवकर सापडलं असतं असं मिस्त्रींचं मत पडलं. वेगात असताना असा टायर वरचं अख्खं रबर सोडून देऊ शकतो, आणि पुढच्या चाकाला तसं झालं तर गाडी एका बाजूला खेचली जाते. त्या उतारावर आम्ही दोन धोके एकदम घेऊन उतरत होतो.

टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा, पुढचे दोन वर्ष. 3514 म्हणजे 2014 सालचा पस्तिसावा आठवडा. माझ्या टायरची नक्षी अजून चांगली खोल होती, बऱ्याच देशांत चालणाऱ्या 1.6 मिलिमीटरच्या किमान मर्यादेच्या कितीतरी वर. गाडी कमी चालते त्यांच्याकडे हेच होतं, नक्षी संपायच्या आधी रबराचं वय संपतं. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर नीट तपासून घ्यावेत आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नयेत, असं टायर कंपन्या सांगतात. आमचे चारही टायर त्या हद्दीला टेकले होते. चारही बदलले.

इतके दिवस हादरे खाल्लेले सांधेही त्याच दिवशी तपासले. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, खेळ नाही, म्हणजे बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट ठीक. डावी-उजवीकडे हलवलं तर उजव्या टाय रॉड एंडमध्ये बारीक टकटक बोटाला लागली. तो बदलला, मग अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घेतली. हा सांधा सुटला तर ते चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. थरथर हा नुसता त्रास नाही, ती अशा सांध्यांना आतून खाते, हे मी त्या टकटकीत बोटाने अनुभवलं. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने), चांदणीच्या आकारात समोरासमोर, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळले. हवेच्या बंदुकीने मनाला येईल तसे आवळलेले नट डिस्कला ताण देतात. शंभर किलोमीटर चालवून मी ते पुन्हा तपासून घेतले.

आता गाडी 100 ला सरळ, शांत जाते. आठवड्यातून एकदा मागे कोणी नसताना मी ब्रेक जरा ठामपणे दाबते, म्हणजे डिस्कवरचा गंज घासला जातो. गाडी धुतली तर लगेच उभी करून ठेवत नाही, एक छोटी फेरी मारून डिस्क कोरड्या करते. दर वर्षी कॅलिपर उघडून पिना साफ करून नवं ग्रीस लावायचं हे मिस्त्रींशी ठरलं आहे, पॅड कितीही शिल्लक असले तरी.

एक गोष्ट अजून बाकी आहे. सकाळी गार इंजिन सुरू होताना उभ्या गाडीत क्षणभर सगळं अंग हलतं, स्टेअरिंगसकट. ती या थरथरीतली नाही, चाकं फिरतच नसतात. तिच्यासाठी वहीत वेगळं पान केलं आहे. सध्या तिथे एवढंच लिहिलं आहे की रात्रभर उभी राहिली की होते, दुपारी होत नाही. मिस्त्रींनी ईजीआर (जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि इनटेकचा (हवा आत येण्याचा) मार्ग काजळीने भरलाय का ते पुढच्या महिन्यात उघडून बघायचं ठरवलं आहे.